एकापुरता भात

बाजारात त्याला सगळे काटेवाला म्हणत. पस्तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. किराणावाल्याचा काटा, सोनाराचा काटा, भंगारवाल्याचा माणूस उभा राहील एवढा काटा. ज्याचा बिघडेल तो पिशवीत किंवा हातगाडीवर घालून ह्याच्या दारात आणायचा. हा तो उघडायचा, साफ करायचा, वजनं ठेवून तपासायचा आणि मन भरलं तरच हातातून सोडायचा. एका मासळीवाल्यानं एकदा हळूच सुचवलं की काटा पन्नास ग्रॅम आपल्या बाजूनं झुकता राहिला तर बरं. काटेवाल्यानं तो काटा उघडा होता तसाच, स्क्रू सुटे सुटे, त्याच्या टोपलीत ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

असा हा काट्याचा पक्का माणूस घरात मात्र ढ गोळा होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी स्वयंपाकघरात ह्याची धाव चहाच्या भांड्यापर्यंत. त्याला कधी गरजच पडली नाही हेही खरं. त्याची बायको एका पाळणाघरात स्वयंपाकीण होती. रोज चाळीस पोरांना जेवू घालायची आणि घरी येऊन ह्याला. त्यांना स्वतःचं मूल झालं नव्हतं. एकदाच, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून ती तीन आठवडे गेली, तेव्हा हा महाशय पाव आणि चहावर राहिला. अठराव्या दिवशी चक्कर येऊन पडला तो भंगारवाल्याच्या काट्यावरच. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "काट्याला काही झालं नाही ना?" ही गोष्ट बाजार अजून हसून सांगतो. ती ऐकून बायको मात्र कधी हसली नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरीण वयानं लहान होती, पण बोलण्यात आडपडदा ठेवणारी नव्हती. म्हणाली, "गाठ काढता येईल. पण ह्यांचं वजन एकोणचाळीस किलो आहे. एवढ्या अशक्त माणसाला भूल सोसणार नाही. दोन महिन्यांत एक्केचाळीस करून आणा, मी ऑपरेशन करते. नाही झालं तर मात्र माझे हात बांधलेले आहेत."

दोन किलो. काटेवाल्याला हायसंच वाटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीशी त्याचा संबंध, तीच कोणीतरी मागितली होती. दोन किलो म्हणजे काय, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होतं.

अडचण एकच होती. शिजत्या अन्नाचा वास आला की तिला ओकारी यायची. चाळीस पोरांचं रांधलेली बाई गॅसजवळ दोन मिनिटं उभी राहू शकत नव्हती. तिची बहीण फोनवर म्हणाली, "भावोजी, मी डबा पाठवते ना रोज. तुम्ही कुठे नसत्या भानगडीत पडता?" पण डबा यायचा गार होऊन, आणि गार अन्न तिच्या गळ्याखाली उतरत नसे. तेव्हा काटेवाल्यानं दुकान दुपारी एकला बंद करायचं ठरवलं आणि साठाव्या वर्षी बायकोच्या हाताखाली उमेदवारी धरली.

ती आतल्या खोलीत, दार बंद, दाराखाली ओला टॉवेल दाबलेला, खिडकी सताड उघडी. हा बाहेर गॅसपाशी. शिकवणी चालायची ती बंद दारातून, ओरडून.

"मीठ किती?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं म्हणजे किती?"

"अहो, चिमूटभर घाला, मग चाखून बघा."

"कुणाच्या चिमटीनं? तुझ्या की माझ्या?"

आतून बराच वेळ आवाज आला नाही. ती हसत होती, हे त्याला नंतर कळलं. हसलं की तिच्या पोटात दुखायचं, म्हणून तोंडावर उशी धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून सोनाराकडला जुना काटा आणून ओट्यावर मांडला. मीठ सहा ग्रॅम, तांदूळ दीडशे, पाणी तीनशे. सगळं वहीत लिहिलं. तरी पहिल्या दिवशी भाताची खळ झाली आणि दुसऱ्या दिवशी, तीच वजनं घेऊन, दाताखाली कचकच. त्याला हा सरळसरळ अन्याय वाटला. तेच घातलं तर तेच यायला नको? तिनं दारातून विचारलं, "तांदूळ काल भिजवले होते का? आज भिजवले का?" ते त्यानं वहीत लिहिलंच नव्हतं. वजन करता येत नाही ते लिहायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

हळूहळू वही मागे पडली. ती त्याला कानानं शिकवू लागली, कारण तिच्याजवळ आता कानच उरले होते. कांदा परतताना आतून आवाज यायचा, "चुरचुर थांबली बघा. पाणी संपलं त्यातलं. गॅस बारीक करा." डाळ उकळताना, "झाकण खडखडतंय, काढून ठेवा." बटाटा शिजला की नाही ते सुरीनं बघायचं, पण सुरी खुपसायची नाही, नुसती टेकवायची; स्वतःच्या वजनानं आत गेली तर शिजला. हे मात्र काटेवाल्याला एकदम पटलं. गेल्या साठ वर्षांत स्वयंपाकाबद्दल कुणी त्याला समजेल असं पहिल्यांदा बोललं होतं.

मिठाचा निवाडा त्यालाच करावा लागे. औषधांमुळे तिच्या जिभेला सगळंच पत्र्यासारखं लागायचं. "मला नका विचारू," ती म्हणायची, "माझी जीभ आता साक्षीला चालत नाही." म्हणून तो चमचा फुंकून चाखायचा, विचार करायचा, पुन्हा चाखायचा. महिन्याभरात त्याला मऊ भात आला, पातळ डाळ आली, भाज्यांचं सूप आलं, दुधात शिजवलेला बटाटा आला, अंडं तर तीन तऱ्हेनं आलं. बाजारात किराणावाल्याला तो कांदा कसा परतावा हे सांगू लागला. किराणावाला मान डोलवायचा आणि हा गेल्यावर शेजारच्याला डोळा मारायचा. मारू दे.

दर रविवारी सकाळी तिचं वजन व्हायचं. त्यासाठी त्यानं आपल्या विश्वासातला काटा घरी आणला होता, उभं राहायचा, शंभर ग्रॅमपर्यंत चोख दाखवणारा. पहिल्या दिवशी त्यानं पेटीतली पितळी वजनं ठेवून तो तपासला, पेटी कपाटात टाकली आणि मग तिला उभं केलं. एकोणचाळीस. पुढच्या रविवारी अडतीस आठशे. त्याच्या पुढच्या रविवारी अडतीस पाचशे.

त्या दिवशी काटेवाला खुर्चीत बसला तो दुपारपर्यंत उठलाच नाही. मग त्यानं मेव्हणीला फोन लावला. बायकोला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात बोलला, पण तिनं आतून ऐकलं. "माझ्या हातचं तिच्या अंगी लागत नाही. मी उगीच हौस केली. परवापासून तू डबा पाठव, मी आपला पावावर राहीन." फोन ठेवला तेव्हा आतून हाक आली, "अहो, आज मला अंडं हवंय. पण डबा नको. बहिणीच्या हाताला चव नाही, लहानपणापासून नाही." त्यानं अंडं करून दिलं. तिनं ते सगळं संपवलं. डब्याचं बारगळलं.

पुढच्या रविवारी काटा अडतीस नऊशे म्हणाला.

काटेवाल्यानं दोनदा पाहिलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. त्या दिवशी त्यानं दुपारी दोन भाज्या केल्या. त्यानंतर दर रविवारी आकडा चढत गेला. एकोणचाळीस चारशे. एकोणचाळीस नऊशे. चाळीस चारशे. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला होता, तो त्याला भरल्यासारखा दिसायचा. थंडी वाजते म्हणून ती आताशा घरात जाड गाउन घालायची, काट्यावर चढताना भिंतीला धरायची, हे त्यानं पाहिलं. पण पाहिलं म्हणजे लक्षात घेतलं असं नव्हे. त्याचे डोळे काट्यावर होते, काट्यावरच्या बाईवर नव्हते.

आठव्या रविवारी चाळीस आठशे भरलं. दोनशे ग्रॅमसाठी डॉक्टरीण अडून बसायची नाही, असं त्यानंच ठरवलं. बायको म्हणाली, "अजून एक आठवडा थांबू या." तो म्हणाला, "तुला भीती वाटतेय." ती म्हणाली, "वाटतेच."

सोमवारी दोघं हॉस्पिटलात गेली. नर्सनं तिला तिथला पातळ झगा घालायला दिला आणि काट्यावर उभं केलं.

"अडतीस शंभर," नर्स म्हणाली.

"काटा खोटा आहे," काटेवाला म्हणाला.

"काका, गेल्याच आठवड्यात तपासून घेतलाय."

"कुणी तपासला? बाजूला व्हा."

तपासणीसाठी ताटकळलेली वीसेक माणसं बघत होती. काटेवाला गुडघ्यांवर बसला. हा माणूस पिशवीशिवाय घराबाहेर पडत नसे. त्यानं पिशवीतून एक किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. एक किलो. मग स्वतः उभा राहिला. स्वतःचं वजन त्याला शंभर ग्रॅमपर्यंत पाठ होतं, अठ्ठावन्न दोनशे. काट्यानं अठ्ठावन्न दोनशे दाखवलं. वजन हातात घेऊन उभा राहिला. एकोणसाठ दोनशे. उतरला, काट्याचे चारही पाय बघितले, खालची फरशी बघितली, तळाशी कपटा अडकलाय का म्हणून बोट फिरवलं. पुन्हा उभा राहिला. पस्तीस वर्षांत त्याला इतका चोख काटा क्वचितच भेटला होता.

बायको बाकावर बसून हे बघत होती. शेवटी हलकेच म्हणाली, "अहो, उठा. काटा बरोबर आहे."

डॉक्टरिणीनं कागद पाहिले, बायकोचं पोट दाबून पाहिलं. "आता ऑपरेशनचं नको," ती म्हणाली. "दुखण्यावर गोळ्या लिहून देते. दुखू देणार नाही, एवढं नक्की." किती दिवस, असं त्यानं विचारलं नाही. तिनं सांगितलंही नाही.

घरी आल्यावर बायकोनं गाउन आणला, उलटा केला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. आतून एक खिसा शिवलेला होता, बारीक टाक्यांचा, दुहेरी दोऱ्याचा. खिशात त्याचे जुने मोजे होते. मोज्यांत दोन किलो, पाचशे ग्रॅम आणि दोनशे ग्रॅम. वाजू नयेत म्हणून प्रत्येक वजन वेगळ्या मोज्यात.

काटेवाल्याला राग आला. आयुष्यात कधी आला नव्हता असा. "माझ्याच वजनांनी?" तो म्हणाला. "माझ्याच काट्यावर? अगं, मला खरं कळलं असतं तर मी काही केलं असतं! नळीनं अन्न घालतात, दुसरे डॉक्टर असतात. मी आठ आठवडे कांदे परतत बसलो!"

"नळीचं मी विचारलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुम्ही फॉर्म भरायला गेला होता तेव्हा. डॉक्टरीण म्हणाली, नळी घातली तरी शंभरात पाच वाचतात. तुमच्या मिस्टरांना सांगू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं."

"का?"

"कारण पाच आहेत असं तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्या पाचांच्या मागे धावला असता. दोन किलो सांगितले म्हणून गॅसपाशी उभे राहिलात."

ती भिंतीला टेकून बसली, दम घेतला, मग पुन्हा बोलली.

"मला मरायची भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण डोळे मिटले की मला माझं काही दिसत नाही. तुम्ही दिसता, त्या काट्यावर आडवे पडलेले. तेव्हा मी तीन आठवड्यांनी परत आले होते. आता कोण येणार आहे? बहिणीचा डबा चार महिने येईल, मग तिलाही तिचा संसार आहे. तुम्ही मला जगवायला शिकत होता. मी तुम्हाला शिकवायला जेवत होते. एक एक घास कसा गिळला ते माझं मला माहीत. आणि तिसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, मी पावावर राहीन. मग मी काय करणार होते?"

काटेवाला त्या मोज्यांकडे बघत होता. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. तो मोठ्यानं रडला, लहान मूल रडतं तसा, नाक पुसत, आणि तिनं त्याला रडू दिलं.

संध्याकाळ झाली तेव्हा ती म्हणाली, "चला. आज एकापुरता भात शिकायचाय."

"त्यात काय शिकायचं? निम्मं घ्यायचं," तो सवयीनं म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. आतापर्यंत जे जे शिकला ते दोघांचं होतं. "मी नाही करणार," तो म्हणाला. चपला घालून बाहेर पडला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. वरची बाई भाजी घेऊन आली, तिनं "काय काका, किल्ली विसरलात?" असं विचारलं. तो हो म्हणाला. थोड्या वेळानं उठला आणि दार ढकलून आत आला. दार उघडंच होतं.

ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती. नाकाला ओला रुमाल धरलेला. दोन महिन्यांत रांधायच्या वेळी ती पहिल्यांदाच दाराच्या अलीकडे आली होती.

"तुला त्रास होईल," तो म्हणाला.

"होऊ दे. हे कानानं सांगता येत नाही. चाळीस पोरांचं रांधायला अक्कल लागत नाही हो, एकाचं रांधायला लागते. ते मोठं पातेलं ठेवून द्या. लहान घ्या, नाहीतर तळाशी पसरून करपतो. पाणी निम्मं नाही घ्यायचं, निम्म्याहून थोडं जास्त. वाफ जायची ती एकाच्या भातातूनही तेवढीच जाते. गॅस एकदम बारीक. आणि पुस्तक नाही वाचायचं, दुकानात नाही डोकवायचं. एकट्याचा भात लवकर करपतो आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे, कोण बघतंय."

त्यानं लहान पातेलं घेतलं. तांदूळ मुठीनं घेतले. काटा ओट्यावरच होता, पण त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही. वाफ वर आली तेव्हा तिनं रुमाल दाबून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती उठली नाही. एकदा फक्त बोट वर करून गॅस दाखवला. त्यानं तो आणखी बारीक केला.

भात मोकळा झाला. बाजूला एक बटाटा, थोडं लोणी. त्यानं एकच ताटली घेतली आणि टेबलाशी बसला.

"मीठ?" तिनं विचारलं.

"कमी आहे."

"मग घ्या."

त्यानं घेतलं. पहिले दोन घास ती बघत होती म्हणून त्यानं गिळले. मग खरंच भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो खात गेला. भात चांगला झाला होता. ह्याची त्याला लाज वाटली, पण तो चांगला झाला होता. ती रुमालाआडून त्याच्या हाताकडे, तोंडाकडे, ताटलीकडे बघत राहिली, आणि ताटलीत काही उरलं नाही तेव्हाच खुर्चीत मागे टेकली.

त्यानं ताटली धुतली, पातेलं धुतलं, ओटा पुसला. मग पाठ तिच्याकडे ठेवूनच विचारलं, "उद्या काय करू?"

"ते आता तुम्ही ठरवा."

त्यानं भाजीची टोपली पुढे ओढून आत पाहिलं.

"बटाटे आहेत अजून दोन," तो म्हणाला.

"त्यातला एक परवाला ठेवा," ती म्हणाली.